भिंतीकडं तोंड करून इंग्रजी

माझे सासरे माझ्याशी मराठीत कधी बोलले नाहीत. भांडण नव्हतं. अबोला तर मुळीच नव्हता. आमच्याकडं सासरा सुनेशी बोलत नाही, एवढंच. सून डोक्यावर पदर घेते, सासरा खाकरतो, आणि मधे सासू उभी राहून इकडचं तिकडं पोचवते. "चहा झाला असंल तर आणा म्हणावं." "होतच आलाय म्हणावं." हे सगळं मी दोन हातांवरून ऐकत असायची, पण आत्यांनी ते मला पुन्हा सांगेपर्यंत मला ऐकू आलेलं नसायचं. रीतच तशी.

सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायचं, हीसुद्धा रीत. पण 'मामा' अशी हाक मी त्यांना कधी मारली नाही. मारणार कशी? हाक मारणं म्हणजे बोलणंच की. गावाला ते सर. वडवणीत सर पुष्कळ आहेत, पण 'इंग्रजीचे सर' म्हटलं की रिक्षावाला न विचारता आमच्या दारात आणून सोडायचा. तर हे इंग्रजीचे सर रिटायर झाल्यावर थायलंडला गेले आणि तिथल्या पोरांना इंग्रजी बोलायला लावून आले, तेही फुकट, सेवा म्हणून. या गोष्टीतलं निम्मं लोकांनी खोटं पसरवलंय. उरलेलं निम्मं मला ठाऊक आहे, कारण त्यात मी होते.

विहारात वर्षावासाची, म्हणजे पावसाळ्यातली व्याख्यानं असली की मामा स्त्री-पुरुष समतेवर बोलायचे. घड्याळ बघायचे नाहीत. बोलणं मनापासूनचं, बायका डोळे पुसायच्या. तिथून घरी आले की दारात चपला काढता काढता खाकरायचे, मी पदर सावरायची, आणि आत्या मधे येऊन उभ्या राहायच्या. एकदा माझ्या नणंदेनं त्यांना तोंडावर विचारलं, "बाबा, तिथं एवढं बोलता, मग घरात वहिनीशी का बोलत न्हाईत?" मामांनी बराच वेळ विचार केला. "समता तत्त्व हाय," ते म्हणाले. "हे वळण हाय. तत्त्व पटकन पटतं. वळण मोडाया लई टाइम लागतो." आणि आत्यांकडं बघून म्हणाले, "पाणी आणा म्हणावं."

आत्या घरी नसल्या की मामा सायकलशी बोलायचे. सीटवर हात ठेवून उभे राहायचे आणि तिला सांगायचे, "माजलगावला चाललो. जेवायला थांबू नका म्हणावं." सायकल ऐकून घ्यायची. मी आतून झाकण वाजवायची, म्हणजे कळलं.

मामांनी हयातभर इंग्रजी शिकवलं, पण मराठीतून. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं तहसीलला आहेत, बँकेत आहेत, एक तर वकील आहे. सगळ्यांना इंग्रजी लिहिता येतं, वाचता येतं, आणि कोणी इंग्रजीत बोललं की सगळी बूट बघतात. मामांची शिकवण एकच. "आधी वाक्य उभं करावं. नीट उभं ऱ्हायलं, का मंग चालवावं." त्यांचं स्वतःचं वाक्य उभं राहायला इतका वेळ लागायचा, की समोरचा माणूस तोवर चालू पडलेला असायचा.

थायलंडचं सगळं अशाच एका वाक्यापासून सुरू झालं. बीडला धम्म परिषद होती आणि थायलंडचे एक भन्ते आले होते. त्यांचं बोलणं लोकांना मराठीत सांगायला कोणीतरी पाहिजे होतं, म्हणून वडवणीच्या मंडळींनी मामांना ढकलत मंचावर नेलं. भन्तेंनी हसून "हाऊ आर यू?" विचारलं. मामांनी वाक्य उभं करायला घेतलं. तोवर स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, दोन भाषणं झाली, दुसऱ्याच एका माणसानं दुभाष्याचं काम उरकून टाकलं. भोजनदानाच्या वेळी मामा भन्तेंच्या आसनापाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, की मी अगदी कुशल आहे, आपणही तसेच असाल अशी आशा करतो. पूर्ण वाक्य, काना-मात्रा जागच्या जागी.

भन्ते म्हणे इतके हसले की घास खाली ठेवावा लागला. मग त्यांनी सांगितलं, की आमच्या विहाराच्या शाळेतले श्रामणेर, म्हणजे दीक्षा घेतलेली लहान पोरं, अगदी तुमच्यासारखी आहेत. पुस्तकातलं सगळं येतं, तोंडातून शब्द निघत नाही. फाडफाड बोलणारे पाहुणे येतात, पोरं त्यांना भितात. तुम्ही या. पावसाळाभर त्यांच्याशी नुसतं बोलत बसा. राहणं-जेवण विहारात.

दुसऱ्या कुणाला हा अपमान वाटला असता. मामांना ही निवड वाटली. घरी येऊन त्यांनी आत्यांना सगळं सांगितलं. मी आत कांदा चिरत होते, म्हणजे मलाही सांगितलं.

गावात हसू झालं. चहाच्या हॉटेलात त्यांच्या जुन्या सोबत्यांनी विचारलं, "सर, आमी तर तुमाला इंग्लिश बोलताना कदी ऐकलं न्हाई."

"तुमी कवा इंग्लिशमधी विचारलंत?" मामा म्हणाले.

पण आतून घाबरले होते. मला दिसत होतं. सराव पाहिजे, आणि समोर माणूस पाहिजे. आधी ते शाळेतल्या मास्तरांकडं गेले. मास्तर लोकांना नेमकी तेव्हाच कामं निघाली. मग आठवडी बाजारात वांगी विकणाऱ्या मावशीपुढं उकिडवे बसून त्यांनी वांग्यांची चौकशी इंग्रजीत सुरू केली. तिनं सगळं ऐकून घेतलं, शेजारणीकडं बघितलं आणि म्हणाली, "सर, बाईसायबाला पाठवा जावा. तुमाला ऊन लागलंय." मामांनी वांगी घेतली नाहीत. घरी येऊन आत्यांना म्हणाले, "बाजारात वातावरण न्हाई."

त्यांच्या लेकाकडं म्हणजे माझ्या नवऱ्याकडं वळावं, तर हे माजलगावकडच्या साखर कारखान्यात. गळीत चालू असलं की आठ-आठ दिवस तिकडंच. त्यात यांचं इंग्रजी 'शिफ्ट' आणि 'ओव्हरटाइम' या दोन शब्दांवर संपतं. राहिले मी. मी नर्सिंग केलेलं. लग्नाआधी औरंगाबादच्या एका दवाखान्यात होते, आणि तिथल्या निम्म्या सिस्टर केरळच्या. त्यांना मराठी येईना, मला मल्याळम येईना. सलाईन संपत आल्यावर वाक्य उभं करायला कोणाला सवड आहे? येईल तसं बोलायचं, पळायचं. तसलं माझं इंग्रजी. मोडकं, पण पळणारं.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही म्हणत नव्हतं. शेवटी एका सकाळी मामा ओसरीत खुर्चीवर बसले, तोंड रस्त्याकडं, पाठ स्वयंपाकघराकडं. मधे दारात आत्या लसूण सोलत होत्या. मामा म्हणाले, "गुड मॉर्निंग."

मला वाटलं, कोणी आलं असेल. रस्त्यावर कोणीच नव्हतं. पुन्हा म्हणाले, "गुड मॉर्निंग." आवाज जरा कापरा. आत्यांनी लसणावरची नजर न काढता म्हटलं, "तुला म्हणतेत."

लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझ्या हाताला पीठ होतं. मी पदर डोक्यावर घेतला, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर."

झालं. आम्ही बोललो. आभाळ जिथल्या तिथं होतं. आत्यांनी पुढची पाकळी घेतली.

मग रोजचंच झालं. मामा ओसरीत रस्त्याकडं तोंड करून, मी आत चुलीकडं तोंड करून, आत्या मधे. मराठीत आम्ही अजूनही बोलत नव्हतो हे ध्यानात घ्या. इंग्रजीत सरळ प्रश्न, सरळ उत्तर, आणि लगेच त्यानंतर, "आंघोळीचं पाणी झालं का म्हणावं." त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पहिले काही दिवस मामांनी पाठ्यपुस्तकातले संवाद घेतले. पोस्ट ऑफिसात, रेल्वे स्टेशनवर. मामा प्रवासी आणि मी तिकीटबाबू. तिकिटं देऊन देऊन मी वैतागले. एका सकाळी त्यांनी गाडी किती वाजता आहे म्हणून विचारलं, तर मी इंग्रजीत उलट विचारलं, "सर, भाजीत मीठ कमी असतं का?"

खुर्ची करकरली. वाक्य उभं राहायला लागलं. माझी एक भाकरी होऊन दुसरी तव्यावर पडली, तेव्हा उत्तर आलं. "हो. तू आल्यापासून."

दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस अळणी खात होता आणि सायकललासुद्धा बोलला नव्हता. मला राग आला, हसूही आलं. पण त्या दिवसापासून पोस्ट ऑफिस बंद पडलं. घरातलं जे जे तुंबलं होतं ते सगळं इंग्रजीतून निघायला लागलं. त्यांचा टॉवेल कोण वापरतं, पंखा रात्रभर का चालतो. माझ्याकडूनही निघालं. "सर, तुम्ही बीपीची गोळी घेत नाही." "कोण म्हणतं?" "गोळ्या गादीखाली आहेत." "…मी आजपासून घेईन." "सर, तुम्ही तंबाखू खाता." "कोणी सांगितलं?" "तुमच्या खिशानं. कपडे मी धुते." शेजारीपाजारी बातमी झाली, की सरांच्या घरी सासरा-सून इंग्रजीत भांडतात आणि सासू मधे बसून लसूण सोलते. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

याच दिवसांत माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. धारूरच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्सच्या जागा निघाल्या होत्या, मी गुपचूप अर्ज भरला होता, आणि माझं नाव लागलं होतं. महिनाअखेरच्या आत हजर व्हायचं, नाही तर पुढचं नाव. वडवणीहून सकाळची गाडी, तेलगावला बदलून धारूर, संध्याकाळी परत. होण्यासारखं होतं. पण मी सांगू कोणाला? नवऱ्याला फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "आईला विचार." आत्यांना विचारलं. आत्या म्हणाल्या, "बघू."

आमच्याकडं 'नाही' म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात. 'बघू' झालं की त्या विषयावर माती पडली. त्यांचे गुडघे दुखत होते, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण माझे हात बोथट व्हायला लागले होते. लहान लेकराच्या हातावर शीर सापडायला बोटांना एक ओळख लागते, ती चालली होती. भाकरी थापताना मी तळहाताच्या मागं शिरा चाचपत बसायची, स्वतःच्याच. रडू यायचं. रडून उपयोग काय?

एका सकाळी मामांनी पुस्तकातला विषय काढला. तुझी महत्त्वाकांक्षा काय? मी म्हटलं, "होती." एवढंच. त्या दिवशी खुर्ची करकरली नाही. त्यांचं वाक्य काही उभंच राहिलं नाही, आणि पुढं दोन दिवस सरावही झाला नाही.

मग मामांना निरोप द्यायला नणंद आणि तिचा नवरा आले. आमच्या घरचा जावई म्हणजे मोठं प्रस्थ. थायलंडला थंडी असेल म्हणून त्यांनी मामांना लोकरीची टोपी आणली होती. मामांनी ती भर उन्हाळ्यात जावयाच्या मानाखातर जेवण होईपर्यंत घालून ठेवली. मटण झालं होतं, मी भाकऱ्या टाकत होते. जावईबापू मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सर, गावात लई ऐकलं. जरा इंग्रजी बोलून दावा की. तुमी अन् वहिनी."

आत्या म्हणाल्या, "पाव्हण्याम्होरं कशाला?" पण आवाजात कौतुक होतं, नाही असं नाही. मामांनी खुर्ची ओढली आणि सवयीनं रस्त्याकडं तोंड केलं. मी दाराआड उभी राहिले. मला वाटलं, आता तिकीट मागतील.

मामांनी इंग्रजीत विचारलं, "धारूरची नोकरी तुला करायची आहे का?"

त्यांना कसं कळलं, ते मला आजही माहीत नाही. पण पाहुण्यांना काय कळणार होतं? मी रेल्वे स्टेशनच्याच सुरात, अगदी सपाट आवाजात बोलायला सुरुवात केली. "हो सर. करायची आहे. मी त्यासाठी शिकले. रोज थोडं थोडं विसरत चाललेय. पण आत्या रागावतील. मला त्यांची भीती वाटते. हे काही बोलत नाहीत. आणि महिना संपत आलाय." शेवटी, सराव वाटावा म्हणून, "थँक यू, सर."

जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. "आयला! वहिनी तर गाडीच सोडती की. काय म्हणली सर? आमाला बी सांगा."

मामांचं वाक्य उभं राहत होतं. या खेपेला मराठी होतं, तरीही वेळ लागत होता. लोकरीच्या टोपीखालून घामाचा ओघळ मानेवर आला. मग हळूहळू, एकेक शब्द ठेवत ते म्हणाले, "मी इचारलं, धारूरला दवाखान्यात नोकरी लागली. मंग घरचं कसं व्हईल? तर ती म्हणती, आत्यानीच सांगितलं. म्हणल्या, पोरी, शिकलीस ना, मंग जा. घराचं मी बगते. अशी सासू नशिबानं मिळती, म्हणती."

मी दाराआड तोंडात पदर कोंबला. माझी भाकरी करपली.

नणंद आईकडं वळली. "आये? खरं का? माझ्या सासूला सांग की जरा असलं कायतरी."

आत्या जावयाच्या ताटात रस्सा वाढत होत्या. पळी तशीच हवेत राहिली. त्यांनी मामांच्या पाठीकडं बघितलं, मग दाराकडं, म्हणजे माझ्याकडं, आणि मग जावयाकडं. जावईबापू वाट बघत होते. आत्यांनी पळी ताटात रिकामी केली.

"मंग?" त्या म्हणाल्या. "शिकलेली सून काय भाकऱ्या थापायला आणली का?"

जावई म्हणाले, "वा, मामी, वा!" आणि अजून एक भाकरी मागितली.

महिनाअखेरीच्या आत मी धारूरला हजर झाले. पुढं काही दिवसांनी मामा थायलंडला गेले, टोपी बॅगेत ठेवून.

तिथं पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. शाळेच्या खोलीत भगव्या चिवरातली तीसेक पोरं मांडी घालून बसलेली, सगळी मामांकडं टक लावून. भन्ते बाजूला उभे. मामांनी तोंड उघडलं आणि काहीच बाहेर येईना. एक शब्द नाही. आम्ही एवढा सराव केला, पण समोरासमोर एकदाही केला नव्हता! मामांना इंग्रजी यायचं ते रस्त्याकडं बघताना. माणूस समोर दिसला की त्यांची वाचा बंद. आता काय करावं? मामांनी जे सुचलं ते केलं. खुर्ची उचलली, उलटी फिरवली, पोरांकडं पाठ करून भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग."

मग कुठून तरी एक बारीक आवाज आला, "गुड मॉर्निंग, सर." मग दुसरा. दहा-बारा दिवसांत पोरांनीही आपली आसनं भिंतीकडं फिरवली. खोलीत चार भिंती, चारी भिंतींकडं तोंडं, आणि मधे बोलण्याचा नुसता बाजार. ज्या पोरांनी वर्षभर पाहुण्यांसमोर मान वर केली नव्हती, ती भिंतीला घरचं सगळं सांगायला लागली. आई आठवते, केस कापल्यावर डोक्याला गार लागतं, भातात मीठ कमी असतं. मीठ मामांनीच विचारलं असणार.

हे मला फोनवर इंग्रजीत सांगताना मामा म्हणाले, "ही पोरं कशाला भितात ते मला कळलं. या सगळ्या सुनाच आहेत."

व्हिडिओ कॉल करायचे तेव्हाही ते फोन भिंतीकडं धरायचे. आम्हाला पावसाळाभर एक पिवळी भिंत आणि तिच्यावरची पाल दिसली. आत्या कावायच्या, "तोंड दावा की जरा! भिंत बगायला गडी तिकडं पाठवलाय का?" तेव्हा मामा एकदा, लाजत, अर्धा कान दाखवायचे.

भन्तेंना ही पद्धत पसंत पडली. मामा परत आल्यावरही ती तिथं चालू राहिली म्हणे. पुढच्या पावसाळ्यात मामा पुन्हा गेले. परदेशी पाहुणे शाळा बघायला आले की पोरं त्यांना नमस्कार करतात, पाठ फिरवतात आणि अतिशय आपुलकीनं विचारतात, की तुम्ही आज बीपीची गोळी घेतली का. पाहुण्यांना ती बौद्ध परंपरा वाटते. भन्ते त्यांचा गैरसमज दूर करत नाहीत.

पहिल्या खेपेहून परत आल्यावर वडवणीत मामांचा सत्कार झाला. शाळेत बोलावलं, चार शब्द इंग्रजीत बोला म्हणाले. मामांनी माइक घेतला, श्रोत्यांकडं पाठ केली आणि फळ्याला उद्देशून चांगलं अर्धा तास बोलले. मुख्याध्यापकांना तो शाळेचा अपमान वाटला. पोरांना फार आवडलं.

माझ्याशी मात्र ते शेवटपर्यंत इंग्रजीतच बोलले. मी ड्युटीवरून आले की खुर्ची फिरवून विचारायचे, आज किती पेशंट, कोण दगावलं, कोण वाचलं. एखाद्या दिवशी लेकरू हातचं गेलेलं असलं की मी आत जाऊन भांडी आदळायची. ते काही विचारायचे नाहीत. पाठ करून बसून राहायचे, जेवण होईपर्यंत, उठायचे नाहीत. ती पाठ बघितली की मला बरं वाटायचं. एवढं माझ्या बापाच्या तोंडाकडं बघूनही वाटलं नाही, खरं सांगते.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. हृदयविकार. गोळ्या घेत होते, तरी गेले. मी खूप रडले. सासऱ्यासाठी सुनेनं एवढं रडू नये, असं बायका म्हणाल्या.

आता घरात आत्या आणि मी. यांचा कारखाना चालूच. आत्यांना साखर निघालीय, त्यामुळं रोज सकाळी धारूरला निघायच्या आधी मी त्यांना इन्सुलिन टोचते. परवा सुई टोचत होते, तर आत्या ओसरीकडं बघत म्हणाल्या, "त्या दिशी मटण व्हतं बग. जावई आलते."

मला लगेच कळलं कुठला दिवस. मी म्हटलं, "हो."

"तू काय म्हणलीस ते मला तवाच कळलं व्हतं."

माझा हात थांबला. सुई अजून दंडातच होती.

"अगं, आंग्री म्हंजी राग. अफ्रेड म्हंजी भेव. यांनी जल्मभर याच ओसरीत शिकवण्या घेतल्या. तुमी दोघं रोज माझ्या डोक्यावरून बोलत व्हता. मी काय भिंत हाय का?"

"मग आत्या… तेव्हा बोलला का नाहीत? मामांनी तर सगळंच उलटं सांगितलं होतं."

"तेच की. उभ्या जल्मात त्यांनी चार माणसांत माझं एवढं चांगलं नाव कदी घेतलं न्हवतं. जावयाम्होरं ते खोटं पाडू का मी? अन् दुसरं म्हंजी, मी माझ्या सासूला लई भेत व्हते. लई. ती खोकली तरी मी हातातलं काम टाकून उभी ऱ्हायची. पण मला बी कोण भेतंय, हे मला कदी वाटलंच न्हाई. तू तसल्या कोरड्या आवाजात म्हणलीस अन् मला लई वाईट वाटलं, बग. पळी हातातून सुटली असती."

मी सुई काढली. कापूस दाबून धरला. धारूरच्या गाडीची वेळ झाली होती, पण मी तिथंच बसले.

"अजून भेतीस का?" आत्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "थोडी थोडी," मी म्हणाले.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि कापूस माझ्या हातातून घेऊन स्वतः दाबून धरला. "थोडी ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आता ऊठ. पेशंट बसले असतील तुझे."